गुरुवारचा पराशाचा वर्ग: वर्षभर जाऊन आल्यावर

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू. घरात मराठी, सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनालयात, हिब्रू. शमा ही रोजची प्रार्थना तोंडपाठ, पण तोरा, म्हणजे आमचा पाच पुस्तकांचा धर्मग्रंथ, वाचतात तेव्हा अर्थ निसटायचा. म्हणून सिम्हाथ तोरा (तोरावाचनाचं वर्ष संपून नवं सुरू होतं तो सण) झाल्यावर भायखळ्यातल्या या वर्गाला जाऊ लागले. फी नाही. त्या आठवड्याचा पराशा, म्हणजे तोरातला ठरलेला भाग, मराठीतून वाचतात, मग सर समजावतात.

‘लेख लेखा’ या पराशाची संध्याकाळ मी विसरणार नाही. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात आमचा मूळपुरुष अब्राम याने देवावर विश्वास ठेवला, असं ६व्या ओवीत आहे आणि ८व्या ओवीत तोच विचारतो, मला कशावरून कळेल? देव रागावत नाही, करार करतो. कापलेल्या पशूंच्या तुकड्यांमधून देवाची खूण म्हणून धुराची भट्टी आणि जळती मशाल जाते. अब्राम गाढ झोपेत, तो त्यांमधून चालतच नाही; वचन एकटा देव देतो. यजमानांच्या आजारपणात मीही खूण मागत होते आणि त्याची मला लाज वाटायची. त्या रात्री ती गेली.

‘नित्साविम’ या पराशात देवाशी करारासाठी उभ्या राहिलेल्यांत लाकूडतोडे आणि पाणके आहेत, आणि त्या दिवशी तिथे नसलेलेही. मला कोकणातले आमचे घाणेवाले आठवले. शनिवार आमचा विश्रांतीचा दिवस, तेलाचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे.

लेवीय हे तिसरं पुस्तक मात्र फार घाईत उरकतात, त्यातल्या ‘केदोशिम’ या पराशाला तरी वेळ द्यायला हवा होता. झेरॉक्सची अक्षरं बारीक असतात, चष्मा न्या. दोन जिने चढावे लागतात. नातीला घेऊन मी पुन्हा ‘बेरेशिथ’ या पहिल्या पराशापासून बसणार आहे.