धडगावला निघण्याआधी हे पुस्तक वाचा

मी अमळनेरला राज्यशास्त्र शिकवतो. बेनेडिक्ट अँडरसन यांचं 'अ लाइफ बियाँड बाउंड्रीज' (वर्सो प्रकाशन, 2016) ऑनलाइन मागवलं, कारण जळगावात ते मिळालं नाही. राष्ट्रवादावरच्या 1983 च्या ग्रंथामुळे अँडरसन आपल्याकडे परीक्षेपुरते माहीत असतात. इंडोनेशिया, थायलंड, फिलिपिन्समध्ये त्यांची हयात कशी गेली, ते या आत्मचरित्रात कळतं.

केंब्रिजला शिकताना, 1956 च्या सुएझ प्रकरणात (ब्रिटन-फ्रान्सचा इजिप्तवरचा हल्ला), निषेध करणाऱ्या भारत-सिलोनकडच्या विद्यार्थ्यांना बड्या घरच्या इंग्रज पोरांनी मारलं आणि वर राष्ट्रगीत म्हटलं. अँडरसन मध्ये पडले, तर त्यांचाही चष्मा गेला. राजकारणाची पहिली चीड तिथली. मग कॉर्नेल विद्यापीठ, जॉर्ज केहिन यांच्यासारखे गुरू, आणि 1961 च्या अखेरीस इंडोनेशियाची राजधानी जकार्ता.

1965 च्या उठावानंतर इंडोनेशियात कम्युनिस्ट ठरवून लाखो माणसं मारली गेली. जानेवारी 1966 मध्ये अँडरसन आणि रूथ मॅकव्ही यांनी लिहिलं की उठाव मुळात लष्कराच्या आतला होता, कम्युनिस्ट पक्षाचा कट नव्हता. त्यापायी 1972 ला अँडरसनना देशातून घालवलं. लष्करी हुकूमशहा सुहार्तोंची सत्ता 1998 ला पडेपर्यंत दार बंद. आणि चाळिशीजवळ आलेला हा प्राध्यापक बँकॉकला जाऊन थाई मुळाक्षरं गिरवायला बसला! पुढे फिलिपिन्ससाठी स्पॅनिश हवी होती, तर शब्दकोश घेऊन तिथल्या होसे रिझाल या लेखकाच्या स्पॅनिश कादंबऱ्याच वाचत सुटले. हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला.

तिसरं प्रकरण फील्डवर्कचं, म्हणजे लोकांत जाऊन केलेल्या अभ्यासाचं. काय दिसतं ते टिपा, तसंच काय दिसत नाही तेही टिपा, असं ते सांगतात. आपल्याकडे प्रमाण मराठीत छापलेली प्रश्नावली घेऊन मुलं नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या पावरा आदिवासी पाड्यांवर जातात आणि दुपारपर्यंत रकाने भरून परततात. ज्याला त्यांच्या पावरी भाषेतली चार वाक्यं येतात त्याच्याशी म्हातारी माणसं वेगळं बोलतात, हे मी पाहिलं आहे. धुळ्याच्या खेड्यात अहिराणीचंही तसंच. सानेगुरुजींनी जिथे शिकवलं त्या आमच्या अमळनेरात आंतरभारतीवर, म्हणजे एकमेकांच्या भाषा शिकून जोडलं जाण्याच्या त्यांच्या स्वप्नावर, भाषणं पुष्कळ होतात, शेजारच्या तालुक्याची भाषा शिकायला मात्र कोणी बसत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

पाचवं प्रकरण, अमेरिकी विद्यापीठांतल्या विद्याशाखांचं, रुक्ष आहे. मुलांनी सोडलं तरी चालेल. खासगी आयुष्य जवळपास नाहीच. इंग्रजी सोपी आहे, कारण मजकूर मुळात जपानी विद्यार्थ्यांसाठी लिहिला होता आणि 2009 ला आधी जपानी अनुवादातच आला. आमच्या एम.ए.च्या पोरांना शब्दकोश फारसा लागला नाही.

विभागाच्या ग्रंथालयासाठी दोन प्रती घ्या. एक कायम बाहेर राहील.