टनेल ‘अप’, ट्रॅफिक एकतर्फी: पॉलिसी-बेस्ड ठेवावं की रूट-बेस्डवर जावं?

दोन ठिकाणची नेटवर्कं जोडणारा आयपीसेक व्हीपीएन टनेल उभा केला. फेज १ (दोन टोकांची ओळख पटणं) झाला, फेज २ (डेटासाठीच्या किल्ल्या ठरणं) झाला, डॅशबोर्डवर टनेल हिरवा. तरीही इकडून पाठवलेलं तिकडे पोचतं आणि परत काहीच येत नाही. एक-दोन दिवस डोकं लावून झालं की कुणीतरी सुचवतं, ‘हे पॉलिसी-बेस्ड काढून रूट-बेस्ड करून टाकू.’ पॉलिसी-बेस्डमध्ये टनेलमधून काय जायचं ते पत्त्यांची यादी ठरवते, रूट-बेस्डमध्ये राउटिंग टेबल. सूचना बऱ्याचदा बरोबर असते, पण वेळ चुकीची असते. तुम्ही याच वळणावर असाल तर दोन्हींची तुलना एकाच कसोटीवर करू: एकतर्फी बिघाड दोन्हींत कसा होतो, आणि तो शोधताना कोण जास्त साथ देतं.

आधी एक गोष्ट. आपण टनेल म्हटलं की एक पाइप डोळ्यांपुढे येतो. आयपीसेकमध्ये तसा पाइप नसतो. सिक्युरिटी असोसिएशन, म्हणजे एसए (एन्क्रिप्शनबद्दल दोन टोकांमधला करार), मुळातच एका दिशेची असते. जायची एक, यायची दुसरी, आणि प्रत्येकीचा एसपीआय, म्हणजे ओळख क्रमांक, वेगळा. त्यामुळे एक दिशा चालू आणि दुसरी बंद ही स्थिती दोन्ही प्रकारांत येऊ शकते.

म्हणून निर्णयाआधी दोन्ही टोकांचे काउंटर वाचा. आपल्याकडे एन्कॅप्स (टनेलमध्ये पाठवलेली पॅकेट) वाढतोय आणि डिकॅप्स (टनेलमधून आलेली पॅकेट) शून्यावर आहे, तर पलीकडच्या अ‍ॅडमिनला त्याचे आकडे विचारा. त्याचाही डिकॅप्स शून्य असेल तर पॅकेट वाटेत हरवतंय. आयकेई (टनेल उभारायची बोलणी) चालतं यूडीपी ५०० वर आणि डेटा जातो ईएसपीमधून, म्हणजे आयपी प्रोटोकॉल ५०. मधल्या एखाद्या उपकरणाने पहिलं सोडलं आणि दुसरं अडवलं की टनेल दिमाखात ‘अप’ राहतो आणि आत काहीच जात नाही. नॅट-टी (ईएसपी यूडीपीत गुंडाळायची सोय) सक्तीने चालू करून सगळं यूडीपी ४५०० वरून नेलं की हा अडसर बहुधा सुटतो. या बिघाडाचा टनेलच्या प्रकाराशी काडीचाही संबंध नाही. रूट-बेस्ड केलंत तरी तो जसाच्या तसा राहील.

पलीकडे डिकॅप्स वाढतोय पण एन्कॅप्स शून्य, असं उत्तर आलं तर मात्र खरी तुलना सुरू होते. पॅकेट पोचलं, पण उत्तर टनेलमध्ये शिरलंच नाही. का शिरलं नाही, याची कारणं दोन्ही प्रकारांत वेगळी असतात.

पॉलिसी-बेस्ड: सगळं दोन्हीकडच्या यादीवर

इथे कोणतं पॅकेट एन्क्रिप्ट करायचं हे ट्रॅफिक सिलेक्टर ठरवतो: अमुक सबनेटकडून तमुक सबनेटकडे. दोन्ही टोकांच्या याद्या आरशातल्या प्रतिमेसारख्या जुळायला हव्यात. एकाने /२४ (अरुंद) लिहिलं आणि दुसऱ्याने /१६ (रुंद), की गंमत नाही, डोकेदुखी सुरू होते. रुंद यादीवालं टोक समोरून आलेली अरुंद मागणी अनेकदा मान्य करतं, पण त्याने स्वतः रुंद मागणी केली तर अरुंद टोक नकार देऊ शकतं. मग लक्षण असं दिसतं की एका बाजूने सुरुवात केली तर सगळं चालतं, दुसऱ्या बाजूने केली तर टनेल उठतच नाही. ‘सकाळी त्यांनी पिंग केल्याशिवाय आमचं जात नाही,’ अशी तक्रार ऐकलीत की आधी मास्क तपासा. आयकेई व्हर्जन २ मध्ये सिलेक्टर आकसून घेण्याची सोय आहे, त्यामुळे तिथे टनेल उठतो, पण काही पत्ते गुपचूप बाहेर राहतात. हे शोधायला जास्त वेळ जातो.

दुसरं मोठं कारण नॅट, म्हणजे वाटेत पॅकेटवरचा पत्ता बदलणं. परतीचं पॅकेट टनेलकडे निघालं, पण वाटेत इंटरनेटसाठी लिहिलेल्या नॅटच्या नियमाने त्याचा सोर्स पत्ता बदलला. बदललेला पत्ता सिलेक्टरमध्ये बसत नाही, म्हणून पॅकेट एन्क्रिप्ट न होताच थेट बाहेर पडतं. लिनक्सवर मास्करेडचा (नॅटचाच एक प्रकार) नियम आयपीसेकच्या पॉलिसी तपासणीआधी लागतो, तिथे हे हमखास होतं. नॅटमधून सूट देणारा नियम हवा, आणि तो वरच हवा.

तिसरी अडचण संख्येची. इकडे तीन सबनेट, तिकडे चार, म्हणजे १२ जोड्या आणि २४ एसए. त्यातली एखादी जोडी रीकी होताना (किल्ल्या बदलताना) बिघडली की फक्त त्या दोन सबनेटपुरताच रस्ता बंद. काही ठिकाणी इतक्या जोड्या चालतही नाहीत: अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या साइट-टू-साइट व्हीपीएनमध्ये एका टनेलला एसएची एकच जोडी मिळते, आणि नवी जोडी मागितली की जुनी पडते.

पॉलिसी-बेस्डची खरी कमजोरी माझ्या मते ही: चूक बहुतेक वेळा दोन याद्यांमधल्या फरकात असते, आणि आपल्याला दिसते एकच यादी.

रूट-बेस्ड: बिघाड उघड्यावर, पण जागा जास्त

इथे टनेलला स्वतःचा इंटरफेस असतो. सिलेक्टर साधारणपणे दोन्हीकडे ०.०.०.०/०, आणि काय कुठे जायचं ते राउटिंग टेबल ठरवतं. याचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे त्या इंटरफेसवर कॅप्चर लावला की एन्क्रिप्शनच्या आधीचं पॅकेट उघडं दिसतं. विनंती आत आली, उत्तर बाहेर पडलं नाही, हे दोन मिनिटांत कळतं, आणि रोजच्या वापरातल्या साधनांनीच कळतं.

पण एकतर्फीपणा इथेही येतो. सर्वांत सामान्य कारण म्हणजे परतीचा रूटच लिहिलेला नाही. एकदा मी एका सर्व्हरसाठी पूर्ण दिवस फायरवॉल तपासत बसलो होतो. त्या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्ड होती आणि डीफॉल्ट गेटवे दुसऱ्याच दिशेला. टनेल पहिल्यापासून निर्दोष होता.

दोन टनेल असतील तर विनंती एकातून आणि उत्तर दुसऱ्यातून असं होतं. स्टेटफुल, म्हणजे सेशन लक्षात ठेवणारा, फायरवॉल ते उत्तर अनोळखी समजून टाकतो. लिनक्सवर आरपी फिल्टर (पॅकेट अपेक्षित वाटेने आलं का ते बघणारा) १ वर, म्हणजे कडक, असेल तर तोही अशी पॅकेट मुकाट्याने फेकतो. २ वर ठेवलं की सैल होतो.

आणखी एक सापळा नीट समजून घ्या. टनेल क्षणभर पडतो, त्याचा रूट जातो, आणि ट्रॅफिक डीफॉल्ट रूटने इंटरनेटकडे वळतं. टनेल परत येतो, पण फायरवॉलच्या टेबलात ते सेशन बाहेरच्या इंटरफेसला चिकटून राहतं. पॅकेट सतत येत असल्याने ते संपतही नाही. इंटरनेट फोनचं सिप रजिस्ट्रेशन (सर्व्हरवरची नोंदणी) अशा वेळी तासन्‌तास अडकतं. उपाय सोपा आहे: त्याच सबनेटसाठी जास्त डिस्टन्सचा (कमी पसंतीचा) ब्लॅकहोल रूट, म्हणजे पॅकेट टाकून देणारा रूट, लिहून ठेवा, म्हणजे टनेल पडला तरी खासगी पत्त्यांचं ट्रॅफिक बाहेर जाणार नाही.

वायरगार्ड (आयपीसेकहून वेगळा व्हीपीएन) या दोन्हींच्या मधलं आहे. त्यातली ‘अलाउड आयपीज’ची एकच ओळ जाताना रूटचं काम करते आणि येताना गाळणीचं. म्हणून तिथे एकतर्फी बिघाड दिसला की आधी दोन्हीकडची तीच ओळ वाचावी.

खोट्या तक्रारीबद्दलही सांगायला हवं. फायरवॉलवरूनच पिंग केलं की पॉलिसी-बेस्डमध्ये सोर्स पत्ता बाहेरचा जातो आणि सिलेक्टरमध्ये बसत नाही. रूट-बेस्डमध्ये टनेल इंटरफेसचा पत्ता जातो, आणि पलीकडे त्याचा रूट नसतो. दोन्हीकडे टनेल बिघडल्यासारखा वाटतो. सोर्स म्हणून आतल्या लॅनचा पत्ता देऊनच पिंग करा.

आता निवड. पलीकडचं टोक दुसऱ्या संस्थेच्या हातात असेल, एक-दोन सर्व्हरपुरतंच काम असेल आणि त्यांना नेमके पत्तेच मान्य असतील, तर पॉलिसी-बेस्ड ठेवा, पण दोन्ही याद्या एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून घ्या. दोन्ही टोकं तुमची असतील, सबनेट वाढणार असतील किंवा बॅकअप टनेल हवा असेल, तर मी निःसंकोच रूट-बेस्ड घेईन, आणि शक्य असेल तर त्यावर बीजीपी (रूट आपोआप कळवणारा प्रोटोकॉल), म्हणजे परतीचा रूट लिहायचा राहून जाणार नाही. एक बाजू रूट-बेस्ड आणि दुसरी पॉलिसी-बेस्ड असंही चालतं, फक्त रूट-बेस्ड बाजूला ०.०.०.०/० न ठेवता समोरच्याचे सिलेक्टर जसेच्या तसे लिहावे लागतात.

बदल करायचाच ठरला तर चालू बिघाडाचं कारण सापडल्यावर करा. आधी दोन्हीकडे परतीचे रूट आणि फायरवॉलचे नियम लिहून ठेवा, नॅटची सूट तपासा, मग टनेल बदला. जुनी सेशन साफ करा आणि पिंग दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे सुरू करून चारही काउंटर वाढताना बघा.