झेडपीची की संस्थेची? पहिलीला नाव घालण्याआधी

अमळनेर तालुक्यात आमच्या गावाला हा प्रश्न दर जूनला पडतो. आमच्या मुलीने दोन्ही शाळा पाहिल्या. पहिली तालुक्याला संस्थेच्या शाळेत, दुसरीपासून गावातच झेडपीत.

इमारत, गणवेश, गॅदरिंग यांत संस्था पुढे, वाद नाही. हजेरीतही. कापूस वेचणी लागली की झेडपीचे वर्ग निम्मे रिकामे दिसतात. त्यात शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यानुसार 60 पोरांपर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे एकेकाकडे दोन-दोन वर्ग. त्यातले एक गुरुजी निवडणुकीच्या कामाला गेले, की दुसऱ्याने चारही वर्ग सांभाळायचे.

तरी संस्था सोडली, ती ट्युशनपायी. दिवाळीच्या आतच निरोप आला, "वाचनात कच्ची आहे, ट्युशन लावा." कुठे? तर वर्गशिक्षकांच्याच घरी. त्याच कायद्याचं कलम 28 शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई करतं, पण पोरगी त्यांच्या वर्गात असताना हे त्यांना ऐकवणार कोण? पैशाचं एक वेळ सोडा. संध्याकाळी ट्युशनला येणारी पोरं वर्गात वाचायला उभी राहायची, आमचीची पाळीच येईना. सगळीकडे असंच असेल असं नाही. आमच्या वाट्याला हे आलं.

गावातल्या मॅडमकडे पोरं अहिराणीत उत्तर देतात. मॅडम ते आधी बरोबर धरतात, मग तेच मराठीत म्हणवून घेतात. आमची वाचायला लागली ती तिथे.

संस्थेवाले दहावीच्या 100 टक्के निकालाचा बोर्ड दाखवतील. पहिलीच्या पोराला त्याचा काय उपयोग, ते असो. पण नववीतून किती जणांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला, तेवढं विचारून घ्या. बाहेरून बसलेली पोरं शाळेच्या निकालात धरत नाहीत.

अर्थात झेडपी-झेडपीतही फरक आहे. शेजारच्या गावची शाळा मी कोणाला सुचवणार नाही. पोर अंगणवाडीत आहे तोवरच, ऐन वेचणीत, दोन्हीकडे जाऊन या आणि दुसरीतल्या एखाद्या पोराला धडा वाचायला सांगा. आमची शाळा चौथीपर्यंतच आहे, पाचवीला तालुक्याची एसटी धरावीच लागेल. त्याआधी पास काढायची घाई आम्ही तरी करणार नाही.