पोस्टग्रेस: दोन सेमिस्टर वापरल्यानंतर

तिसऱ्या वर्षाला डीबीएमएस (डेटाबेस व्यवस्थापन) विषय आला तेव्हा लॅपटॉपवर पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर टाकलं, त्याला आता दहा महिने झाले. ईआर डायग्राम (माहितीतले घटक आणि त्यांची नाती दाखवणारी आकृती) आणि नॉर्मल फॉर्मच्या (टेबलांत तीच माहिती पुन्हा पुन्हा येऊ नये यासाठीच्या नियमांच्या) व्याख्या परीक्षेपुरत्या पाठ होत्या. डिझाइन म्हणजे काय हे मात्र मला कळलं ते पोस्टग्रेसने माझे इन्सर्ट (नवी ओळ भरण्याचे आदेश) नाकारायला सुरुवात केल्यावर.

मिनी प्रोजेक्टला आम्ही तालुक्याच्या वाचनालयाची देवघेव घेतली. पहिल्या आराखड्यात 'पुस्तक' हे एकच टेबल होतं. ग्रंथपालांनी नोंदवही उघडून दाखवली: कादंबरी एकच, पण प्रती तीन आणि तिन्हींचे दाखल क्रमांक वेगळे. शीर्षक आणि लेखक पुस्तकाचे, दाखल क्रमांक प्रतीचा, आणि सभासद घरी नेतो तीही प्रतच. एकाच टेबलात ठेवलं असतं तर लेखकाचं नाव एका ओळीत दुरुस्त झालं असतं आणि दोन ओळींत चुकीचंच राहिलं असतं. अपडेट अ‍ॅनॉमली ती हीच.

एक प्रत एका वेळी एकाच सभासदाकडे, हा नियम आम्ही जावाच्या कोडमध्ये लिहिला होता: आधी सिलेक्ट (नोंद शोधण्याचा आदेश), प्रत मोकळी असेल तर इन्सर्ट. माझ्या जोडीदारणीने दोन खिडक्या उघडून तीच प्रत एकाच वेळी दोघांना दिली, आणि दोन्ही नोंदी झाल्या! मग देवघेव टेबलावर पार्शल युनिक इंडेक्स घातला; इंडेक्स म्हणजे ओळी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची. परत-तारीख रिकामी असलेल्या ओळींपुरता दाखल क्रमांक दुसऱ्यांदा येता कामा नये, एवढंच तो बघतो. पुन्हा दोन टर्मिनल. पहिल्यात बिगिन (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पार पडणारा व्यवहार, सुरू), इन्सर्ट. दुसऱ्यात तेच इन्सर्ट दिलं, तर कर्सर नुसता थांबून राहिला. पहिल्यात कमिट (व्यवहार पक्का) दिलं आणि त्याच क्षणी दुसऱ्यात डुप्लिकेट कीची एरर आली. कमिटऐवजी रोलबॅक (व्यवहार रद्द) दिलं, तर दुसऱ्याचं इन्सर्ट सुरळीत झालं. त्या संध्याकाळी मी हे पाच-सहा वेळा करून पाहिलं. आयसोलेशनवर (एकाच वेळी चाललेले व्यवहार एकमेकांत मिसळू न देण्यावर) वर्गात ऐकलेलं सगळं त्या थांबलेल्या कर्सरमध्ये दिसत होतं.

अडलं तेही सांगते. प्रायमरी कीला (ओळीची ओळख ठरवणाऱ्या कॉलमला) इंडेक्स आपोआप मिळतो, फॉरेन कीच्या (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या) कॉलमला मिळत नाही. जनरेट सिरीज या फंक्शनने चाचणीसाठी दहा लाख ओळी भरल्या, तेव्हा एका सभासदाच्या नोंदी शोधायला अख्खं टेबल वाचलं जात होतं. एक्स्प्लेन अ‍ॅनालाइज (डेटाबेसने शोध कसा घेतला ते दाखवणारा आदेश) चालवल्यावर ते लक्षात आलं. टेबलांची नावं अवतरणांत, इंग्रजी मोठ्या अक्षरांनी दिली, की पुढे प्रत्येक क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आदेशात) अवतरणं द्यावी लागतात. सगळी नावं पहिल्यापासून लहान अक्षरांतच ठेवा. पीजीअ‍ॅडमिन (पोस्टग्रेससाठीचं खिडक्या-बटणांचं साधन) माझ्या जुन्या लॅपटॉपवर जड चालतं, म्हणून मी आदेश टाइप करायचं पीएसक्यूएलच वापरते.

टेबलाची रचना बदलणंही ट्रान्झॅक्शनमध्ये बसतं. ऑल्टर टेबल (रचना बदलण्याचा आदेश) चुकलं तर रोलबॅक दिलं की झालं. शिकणाऱ्याला याचा फार आधार वाटतो. १९८६ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून हे सॉफ्टवेअर आलं, आणि आजही ते फुकट मिळतं.

सभासदांची यादी छापली तेव्हा ग्रंथपालांनी एक चूक काढली: काळे हे कासारांच्या आधी आले होते. युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकयादीत) 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे बसतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. आमचं कोलेशन (अक्षरांचा क्रम लावण्याचा नियम) 'सी' होतं, म्हणून क्रम युनिकोडचा लागला. आता मराठीचं कोलेशन लावून त्यांच्या नोंदवहीशी एकेक नाव ताडून पाहते आहे.