रत्नागिरीतले होम लोनवाले काका: ४ स्टार, आणि एक का कापला तेही वाचा

मारुती मंदिरच्या बाजूला बसतात. नाव इथे टाकत नाही, त्यांनीच सांगितलंय नको म्हणून, आधीच फायलींचा ढीग आहे. बँकेचे डीएसए आहेत, म्हणजे बँकेला लोनच्या फाइली आणून देणारे एजंट, कमिशन बँक देते, आपल्याकडून रुपया घेत नाहीत. कोणी एजंट फाइल चार्ज म्हणून रोख मागत असेल तर चहा पिऊन सरळ उठायचं, हे आधीच सांगून ठेवतो.

तशी फाइल करणारी माणसं इथे पुष्कळ आहेत. पण बाकीचे सँक्शन लेटर, म्हणजे लोन मंजुरीचं पत्र, आलं की फोन उचलायचे बंद होतात आणि हे काका तिथून पुढे मागे लागतात. आमचा फ्लॅट कुवारबावला, लोन २७ लाख. लेटर आलं म्हणून आईने पेढे आणले तर काका पेढा खाता खाता म्हणतात, "बँकेने हो म्हटलंय, पैसे दिले नाहीत अजून. चेक निघेपर्यंत घरात कोणी शहाणपणा करायचा नाही." तेव्हा जरा जास्तच वाटलं खरं. पण डिस्बर्समेंटच्या आधी, म्हणजे पैसे सुटायच्या आधी, बँक सिबिल (आपल्या कर्जांचा आणि फेडीचा रेकॉर्ड) परत काढून बघू शकते, पगाराची स्लिप परत मागू शकते, आणि १ जानेवारी २०२५ पासून बँकांना आणि फायनान्सवाल्यांना निदान दर पंधरा दिवसांनी सिबिलकडे कर्जांची माहिती अपडेट करावी लागते, त्यामुळे 'महिनाभर कोणाला कळतंय' हा हिशोब आता चालत नाही.

नेमके गणपती तोंडावर. शोरूममध्ये फ्रिजवर नो कॉस्ट ईएमआय, महिना अडीच हजार, सेल्समन आधार कार्डचा फोटो काढायच्या तयारीत, आणि बायकोने तिथूनच काकांना फोन लावला. काकांनी स्पीकरवर हिशोब घातला. साडेआठ टक्के, वीस वर्षं, तर एका लाखाला हप्ता साधारण ८६८ रुपये, म्हणजे अडीच हजारांचा हप्ता लावून घेतलात तर पावणेतीन लाखाच्या वरची एलिजिबिलिटी, म्हणजे तेवढं होम लोन मिळायची पात्रता, गेली, फ्रिज केवढ्याचा आणि कापली किती ते तुम्हीच बघा वहिनी. सेल्समन पण ऐकत होता, गप्प झाला बिचारा. बायको म्हणाली मग रोखीने घेऊ, तर म्हणे तेही आत्ता नको, कारण दहा लाखांवरच्या घराला स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनचे पैसे बँक किमतीत धरत नाही, ते आपल्या खिशातून जातात. रजिस्ट्रेशन १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार, स्टॅम्प ड्युटी वेगळी. फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट मिळते हे पण त्याच फोनवर कळलं, आणि घरी येईपर्यंत बायकोने घर कोणाच्या नावावर ते ठरवून टाकलं होतं. जुन्या फ्रिजने अजून एक गणपती काढला.

मग मुंबईचा चुलत भाऊ आला, त्याला टेम्पोच्या लोनला जामीन पाहिजे होता. आपल्याकडे गणपतीत घरी आलेल्या भावाला नाही कसं म्हणायचं! पण जामीन राहिलं की ते लोन आपल्या सिबिलवर पण दिसतं, आणि त्याने हप्ता चुकवला की डाग आपल्याला. काका म्हणाले, "माझं नाव सांग, म्हणावं त्या म्हाताऱ्याने सही करायला बंदी केलेय." तसंच सांगितलं. भाऊ थोडा फुगला, पण आरतीला आला.

बाबांचे आंब्याचे पैसे हा वेगळाच विषय. त्यांना वाटलं रोकड माझ्या खात्यात भरली की झालं. काकांनी सांगितलं, आधी त्यांच्या खात्यात भरा, दलालाच्या पट्ट्या (आंबा विक्रीच्या पावत्या) जपून ठेवा, मग तिथून मुलाला ट्रान्सफर करा आणि साध्या कागदावर गिफ्ट म्हणून लिहून द्या. बापाने मुलाला दिलेल्या गिफ्टवर टॅक्स नाही, पण अचानक दोन लाख रोख जमा दिसले की बँक विचारणारच कुठून आले. बिल्डरच्या माणसाने 'थोडे कॅश द्या ना' लावलं होतं, त्यालाही काकांनीच गप्प केलं. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाही, घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, हे त्या माणसाला समोर बसवून सांगितलं.

नोकरी बदलायची नाही हेही सांगतात, पण आमच्याकडे तो प्रश्न नव्हता. शेजारच्या मुलाने लोट्याला एका कंपनीतून दुसरीत उडी मारली, पगार वाढला तरी फाइल अडकली, प्रोबेशन संपेपर्यंत थांबा म्हणाले.

आता कापलेला स्टार. बँकेने लोनसोबत इन्शुरन्स चिकटवला होता, त्यावर काका एक शब्द बोलले नाहीत. फ्रिजवर एवढं भाषण देणारा माणूस इथे गप्प कसा, याचं उत्तर कमिशनमध्ये असावं असा माझा अंदाज. ऑक्टोबर २०२४ पासून बँकेला 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचं लोनच्या अटींचं पत्रक द्यावंच लागतं, सगळे चार्जेस त्यात असतात, ते मी वाचलं म्हणून प्रीमियम दिसला. बँकेचाच इन्शुरन्स घ्यायची सक्ती नसते, आम्ही काढायला लावला, त्यांनी काढला. ते पत्रक स्वतः वाचा, काकांच्या भरवशावर राहू नका.

बाकी जिना अंधारा आहे, गाडी लावायला जागा नाही, आणि सकाळी आठला फोन येतो. फ्लॅटसाठी बिनधास्त जा. बंगला बांधायचा असेल आणि सातबारावर काका-आत्यांची डझनभर नावं असतील तर मात्र आधी तलाठ्याकडचं आणि वाटणीचं बघून घ्या, नाहीतर ते तुम्हाला पहिल्या भेटीतच परत पाठवतील.