ला पाझची रोपवे सेवा: एका सातारकराचा अभिप्राय

बोलिव्हियातील ला पाझ शहरात टूर कंपनीच्या मदतीशिवाय फिरायचे असेल, तर मुक्काम कोणत्या भागात करायचा हे ठरवण्यापूर्वीच तेथील ‘मी टेलेफेरिको’ या सरकारी रोपवे सेवेचा नकाशा नीट पाहून घ्यावा. साताऱ्यात रोपवे म्हटले की रायगड आठवतो, आणि रायगडावर तो गड पाहणाऱ्यांसाठी आहे. ला पाझमध्ये मात्र शाळकरी मुले, पाठीवर रंगीत गाठोडे बांधलेल्या आयमारा या तेथील मूलनिवासी समाजाच्या स्त्रिया आणि कार्यालयात निघालेले कर्मचारी एकाच केबिनमध्ये समोरासमोर बसलेले असतात. आपण खिडकीला नाक लावून फोटो काढत असतो, तेव्हा शेजारचा प्रवासी डुलकी घेत असतो.

हे शहर खोल दरीत वसलेले असून तिच्या काठावरील पठारावर, सुमारे ४,१०० मीटर उंचीवर, एल आल्तो हे दुसरे मोठे शहर आहे. वर राहणारी हजारो माणसे कामासाठी रोज खाली येतात आणि त्यांना जोडणारे वळणावळणाचे रस्ते मिनीबसनी तुंबलेले असतात. त्यावर उपाय म्हणून ऑस्ट्रियाच्या डोपेलमायर कंपनीकडून ही यंत्रणा उभारून घेण्यात आली. २०१४ मध्ये राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांच्या, म्हणजे लाल, पिवळ्या आणि हिरव्या मार्गिका सुरू झाल्या. आज दहा मार्गिका असून एकूण लांबी सुमारे ३० किलोमीटर आहे. प्रत्येक केबिनमध्ये दहा जण बसतात आणि एकामागून एक केबिन काही सेकंदांच्या अंतराने येत राहते, त्यामुळे गाडी चुकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

एकच फेरी करायची असेल, तर जुन्या रेल्वे स्थानकापासून लाल मार्गिकेने वर जावे, तेथून रुपेरी मार्गिकेने दरीच्या काठाकाठाने सरकावे आणि पिवळ्या मार्गिकेने खाली ‘सोपोकाची’ नावाच्या भागात उतरावे. लाल मार्गिका शहराच्या मुख्य दफनभूमीवरून जाते. चाळींसारख्या मजल्यांमध्ये रचलेली तेथील थडगी जमिनीवरून पाहताना जी एकत्रित दिसत नाहीत, ती वरून गल्ल्यांसह स्पष्ट दिसतात. आकाश निरभ्र असेल, तर रुपेरी मार्गिकेवरून ६,४३८ मीटर उंचीचे हिमाच्छादित इयिमानी शिखर समोर उभे राहते. याच फेरीत शहराची सामाजिक रचनाही उलगडते: जसजसे खाली जावे तसतशी हवा उबदार आणि घरे महाग होत जातात, तर विटांची बिनगिलाव्याची घरे वरच्या उतारांवर दिसतात.

विमानतळ एल आल्तोमध्ये ४,०६१ मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ तिप्पट उंचीवर आहे, आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपासच असतो. डोके दुखणे, दम लागणे आणि झोप न येणे ही तेथील नेहमीची लक्षणे आहेत. म्हणून पहिल्या दिवशी खालच्या भागात उतरून विश्रांती घ्यावी, वरच्या मार्गिकांचा प्रवास नंतरच्या दिवसांसाठी ठेवावा आणि हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केबिनमध्ये बसून काही मिनिटांत शेकडो मीटर चढता येते हे खरे असले, तरी स्थानकातील जिने चढताना शरीर त्याची किंमत वसूल करतेच.

भाड्याची रचना मला पूर्णपणे पटली नाही. एका मार्गिकेसाठी ३ बोलिव्हियानो (तेथील चलन) घेतात, परंतु मार्गिका बदलली की पुन्हा पैसे मोजावे लागतात. त्यामुळे दोन-तीन मार्गिका जोडून रोज कामावर जाणाऱ्या माणसाला मिनीबसचा मोह होणे स्वाभाविक आहे. परदेशी पाहुण्यासाठी ही रक्कम किरकोळच आहे. पावसाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात, विजा चमकू लागल्या की अशा सेवा काही वेळ थांबवाव्या लागतात. शिवाय ही सेवा रात्रभर चालत नाही, म्हणून पहाटेचे विमान गाठण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. याउलट, आंदोलकांनी रस्ते अडवले असताना, आणि बोलिव्हियात असे वारंवार घडते, हवेतून जाणारा हा मार्ग फार मोलाचा ठरतो.

लाल मार्गिकेच्या वरच्या टोकाशी गुरुवारी आणि रविवारी प्रचंड बाजार भरतो. तो पाहण्यासारखा आहे, मात्र खिसा सांभाळावा आणि दुपार व्हायच्या आत पोहोचावे. शाकाहारी माणसाने सूपबाबत सावध राहावे, कारण भाजीच्या सूपचा आधारही बहुधा मांसाच्या रश्शाचाच असतो. त्याऐवजी जांभळ्या मक्याचे गरम ‘आपी’ आणि चीज भरून तळलेले ‘पास्तेल’ घ्यावे. तेथील थंडीत ही न्याहारी पोटाला चांगला आधार देते.