उतारावरच्या फ्लॅटचा वर्षभराचा अनुभव (व्ह्यूबद्दल कमी, मागच्या भिंतीबद्दल जास्त)

कार्पेट एरिया, मजले, पार्किंग हे सगळं ब्रोशरमध्ये असतंच, त्यामुळे ते सांगत बसत नाही. डोंगरउतारावर फ्लॅट बघायला गेलं की सगळे आधी बाल्कनीत पळतात, आम्हीही पळालो, आणि बाल्कनी खरंच भारी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आज लिहायला बसलोय ते बिल्डिंगच्या मागच्या संरक्षक भिंतीवरून, कारण या पावसाळ्यात डोक्याला शॉट लागला तो तिच्यामुळे.

उतारावर बिल्डिंग बांधायची म्हणजे डोंगर कापून सपाट जागा करायची आणि कापलेली बाजू भिंतीने धरून ठेवायची. आमची भिंत साधारण एका मजल्याहून थोडी उंच आहे. तिच्यात ठरावीक अंतरावर पाइपाचे तुकडे बसवलेले असतात, मागच्या मातीतलं पाणी बाहेर यायला. सिव्हिलवाले त्यांना वीप होल म्हणतात, आमच्या सोसायटीत 'ती भोकं' म्हणतात. भोकांखाली हिरवे-काळे ओघळ येतात आणि ते कोणालाच आवडत नाहीत.

पावसाळ्याआधी सोसायटीने भिंत रंगवून घेतली. मस्त क्रीम कलर. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर बघतो तर भिंत अशी कोरडी की लोक कौतुक करायला लागले, बघा कसं काम झालंय, एक थेंब नाही. मला मात्र ते काही बरं वाटेना, कारण एवढा पाऊस पडून पाणी गेलं कुठे? जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येक भोकात सिमेंट ठासलेलं आणि वरून रंग. रंगाऱ्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणतो, "साहेब, सगळीकडनं ओघळ येत होते, कलर टिकलाच नसता, म्हणून भोकं पॅक करून दिली. त्याचं एक्स्ट्रा काही लावलं नाही." म्हणजे फुकटात.

आता हे एवढं मनावर का घ्यायचं, तर हिशोब सांगतो. ४ मीटर उंच भिंतीमागे चांगला निचरा होणारी भर असेल तर त्या मातीचा आडवा जोर भिंतीच्या लांबीच्या दर मीटरला ढोबळ ५ टन धरा. निचरा बंद होऊन मागे वरपर्यंत पाणी साठलं तर एकट्या पाण्याचाच जोर ८ टन होतो. पाण्यात बुडाल्यावर मातीचा स्वतःचा जोर कमी होतो हे खरं, तरी दोन्ही मिळून आकडा दुपटीच्या पुढे जातो. भिंत पडते तेव्हा लोक म्हणतात माती खचली, पण बऱ्याचदा ढकलणारं पाणीच असतं.

आठवड्याभरात भिंतीच्या मधल्या सांध्याजवळ एक आडवी चीर दिसली, तिच्या कडेला पांढरी पावडर आणि आजूबाजूचा रंग फुगलेला. इथून भांडण सुरू. बिल्डरचा माणूस म्हणाला डिफेक्टची (बांधकामातल्या दोषांच्या जबाबदारीची) मुदत संपली, आणि भोकं तुम्ही बुजवलीत. (हे दुसरं बरोबरच होतं, त्यामुळे जास्तच राग आला.) वरच्या सोसायटीचे लोक म्हणाले भिंत तुमच्या बाजूला आहे, आमचा काय संबंध. आणि आमचे सेक्रेटरी काका म्हणाले, पाऊस संपू दे मग बघू. अहो काका, पाऊस संपल्यावर भोकं कशाला उघडायची?

कागद काढून बघितले तर मंजूर नकाशात भिंत नुसती एका रेघेने दाखवलेली. हद्द भिंतीच्या आतून जाते की बाहेरून, देखभाल कोणाची, काही लिहिलेलं नाही. उतारावर फ्लॅट घेणाऱ्याने वकिलाला टायटल क्लिअर आहे का एवढंच विचारून भागत नाही, भिंत कोणाच्या नावावर हेही विचारायचं. हाँगकाँगमध्ये १८ जून १९७२ ला एकाच दिवशी दोन ठिकाणी दरडी कोसळून १३८ माणसं गेली, १९७६ ला परत तसंच झालं, मग १९७७ मध्ये सरकारने फक्त उतार सुरक्षित ठेवायच्या कामासाठी वेगळं खातं काढलं. आज तिथे साधारण ६०,००० मानवनिर्मित उतार आणि भिंतींची नोंद आहे, नंबर दिलेत, आणि अमुक नंबरची देखभाल कोणाकडे हे कोणीही ऑनलाइन बघू शकतो. आणि आमच्याकडे एक रेघ.

शेवटी कमिटीतल्या दोघांना पटवून कोअर कटिंगवाल्याला (मशीनने गोल भोक पाडणाऱ्याला) आणला. पहिलं भोक उघडलं तेव्हा मशीन धरलेला पोरगा अक्षरशः बाजूला उडी मारून सरकला, एवढ्या जोरात पाणी आलं, चहासारखं लाल. बाकीची उघडल्यावर तासाभराने धार बारीक झाली आणि पाणी स्वच्छ यायला लागलं. ते स्वच्छ होणं महत्त्वाचं. गढूळच येत राहिलं तर भिंतीमागची खडीची गाळणी गेली आणि माती वाहून येतेय असं समजायचं, ते जास्त वाईट. चिरेवर एक पातळ काचपट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवून ठेवलीये, शेजारी तारीख लिहून. चीर हलली तर काच तडकते. जुनी पद्धत आहे, खर्च जवळपास शून्य. अजून तरी अखंड आहे.

बाकीचं पटापट सांगतो. रस्त्यावरून आमचा मजला तिसरा, मागून बघितलं तर जमिनीलगत, त्यामुळे मागच्या बेडरूमला ओल येते आणि कपाट भिंतीला टेकवून ठेवलं की बुरशी. कपाट चार बोटं पुढे ओढा. ऊन डोंगरामागे लवकर जातं, कपडे वाळत नाहीत. गाडी उतारावर लावताना गिअरमध्ये टाका आणि चाकं वळवून ठेवा, तोंड खाली असेल तर फुटपाथच्या बाजूला, वर असेल तर उलट, म्हणजे सुटली तरी कडेला अडकते. नुसत्या हँडब्रेकवर विसंबून राहणारे आमच्याकडे दोघे आहेत आणि त्यांच्या खाली मी गाडी लावत नाही. खालच्या रस्त्याचे हॉर्न वर इतके स्पष्ट ऐकू येतात की हे कोणी आधी का सांगत नाही कळत नाही. मध्ये आवाज अडवायला काही नसतंच ना.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे रात्रीची हवा. सूर्य गेला की उतारावरची हवा गार होऊन जड होते आणि खाली सरकायला लागते, मागची खिडकी उघडली की ती घरातून आरपार जाते. थंडीत पहाटे धुकं खाली साचलेलं असतं आणि मधल्या उतारावर त्या मानाने ऊब असते. एसी घ्यायचा ठरवला होता, नाही घेतला. वीजबिलात फरक दिसतो, त्यामुळे या घराला माझ्याकडून दोन मार्क वाढीव.

अपडेट: वरचं सगळं लिहून ठेवलं होतं, पोस्ट केलं नव्हतं, आणि मध्ये बराच काळ गेला. पाऊस थांबून बरेच दिवस झाले तरी एका कोपऱ्यातली तीन भोकं गळतच आहेत. आधी मी सगळ्यांना सांगत होतो की गळणारी भिंत चांगली. आता मत बदललंय: पावसात गळणारी चांगली, कोरड्या दिवसांत गळत असेल तर ते पाणी कोणाचं ते शोधा. झरा असू शकतो, पण आमच्याकडे धार सकाळीच वाढायची आणि दुपारी कमी व्हायची, आणि झऱ्याला सकाळ-दुपार कळत नाही. क्लोरीन तपासायचं थेंबवालं किट आणलं, पाणी किंचित पिवळं झालं. म्हणजे क्लोरीन आहे, म्हणजे नळाचं. (पिवळं झालं नसतं तरी काही सिद्ध झालं नसतं, क्लोरीन मातीतून येताना संपून जातं.)

वर जाऊन बघितलं तर वरच्या सोसायटीच्या टाकीचा फ्लोट (टाकी भरली की पंप बंद करणारा) अडकलेला, रोज सकाळी पंप चालू राहतो आणि ओव्हरफ्लोचा पाइप सरळ मातीवर सोडलेला, आमच्या भिंतीच्या डोक्यावर. १००० लिटर पाणी ३० मीटर चढवायला थिअरीत ०.१ युनिटपेक्षा कमी वीज लागते, पंप जुनाट धरला तरी पाव युनिटच्या आत. मग त्यांच्या मीटिंगमध्ये दर महिन्याला पंपाच्या बिलावरून बोंब का, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. गरजेपेक्षा जास्त पाणी चढवतायत आणि ते आमच्या भिंतीत ओततायत.

त्यांच्या चेअरमन साहेबांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. भिंतीचा विषय काढला तर चेहरा कोरा. मग वीजबिलाचा हिशोब सांगितला तर लगेच प्लंबरला फोन लावला. फ्लोट बदलून झाला, तीनपैकी दोन भोकं सुकलीत, कोपऱ्यातलं अजून ठिबकतंय. ओव्हरफ्लोचा पाइप गटारात वळवायचं काम बाकी आहे, त्याला लागणारा पाइप कोणी आणायचा यावर दोन सोसायट्यांची पत्रापत्री चालू आहे. आमच्या काकांनी तो विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घेतलाय, भिंतीला परत रंग देण्याच्या खाली.